बंद पडलेली गाडी आणि ‘नो पार्किंग’चे चलान

आळंदी : लग्नसराईतील रविवार. इंद्रायणीकाठच्या मंगल कार्यालयांसमोर मोटारींची रांग लागलेली, प्रदक्षिणा रस्त्यावर वऱ्हाडी आणि भाविक यांची एकच गर्दी. समजा, अशा वेळी देहूफाटा चौकाच्या तोंडावर एखाद्या मोटारीची क्लच प्लेट जळाली. मागून हॉर्नचा गजर सुरू झाला. चार जणांनी हात लावून गाडी कशीबशी कडेला घेतली. कुटुंबाला रिक्षात बसवून कार्यालयात पाठविले आणि चालक मेकॅनिकच्या शोधात निघाला. रविवारी अर्धी गॅरेज बंद असतात. तासाभराने तो फिटरला घेऊन परतला, तेव्हा मोबाईलवर संदेश येऊन पडला होता. वाहन ‘नो पार्किंग’मध्ये उभे केल्याबद्दल पाचशे रुपयांचे ई-चलान.

गाडी उभी केलेली नव्हती, ती बंद पडली होती. व्यवहारात हा फरक शेंबड्या पोरालाही कळतो. चलान तयार करणाऱ्या यंत्राला मात्र तो कळत नाही आणि चालकाला तो सिद्ध करता आला नाही, तर पाचशे रुपये भरण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पाचशे रुपयांसाठी कोण भांडत बसणार, असे म्हणून बहुतेक जण दंड भरून मोकळे होतात. परंतु याच कलमाखालील पुढच्या गुन्ह्याला दीड हजार रुपये मोजावे लागतात. रोज आळंदी, मोशी, चाकण अशा फेऱ्या मारणाऱ्या टेम्पोचालकाला किंवा कंपनीच्या कामगारांची ने-आण करणाऱ्या कॅबचालकाला ही रक्कम किरकोळ नाही. गाडी मालकाच्या नावावर असेल, तर दंड पगारातून कापला जाण्याची भीती वेगळीच.

अशा चालकाच्या बाजूने कायद्यात एक तरतूद आहे. ती फारशी कोणाला ठाऊक नाही आणि तिचा आधार घ्यायचा, तर त्याची तयारी गाडी बंद पडल्यापासूनच्या पहिल्या काही मिनिटांतच करावी लागते.

‘डिसेबल्ड’ शब्द गेला, सवलत आली

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम २०१ हे वाहतुकीच्या मुक्त प्रवाहाला अडथळा आणणाऱ्या वाहनांविषयी आहे. २०१९ पूर्वीच्या मूळ मजकुरात या कलमाचा रोख नेमका नादुरुस्त वाहनावरच होता. ‘डिसेबल्ड व्हेइकल’ म्हणजे चालू न शकणारे वाहन सार्वजनिक जागी अडथळा होईल अशा रीतीने ठेवल्यास ते तेथे असेपर्यंत ताशी पन्नास रुपयांपर्यंत दंड, अशी ती तरतूद होती. गाडी बंद पडणे म्हणजे जणू चालकाचाच अपराध.

२०१९ च्या दुरुस्ती कायद्याने हे चित्र उलटे केले. ‘डिसेबल्ड’ हा शब्द वगळण्यात आला. आता अडथळा करणारे कोणतेही वाहन या कलमाच्या कक्षेत येते आणि दंडाची मर्यादा पाचशे रुपये झाली. त्याचबरोबर उपकलम ३ नव्याने दाखल झाले. वाहनात अनपेक्षित बिघाड झाला असेल आणि ते हलविण्याची प्रक्रिया सुरू असेल, तर पहिल्या उपकलमातील दंडाची तरतूद लागू होणार नाही, असे ते सांगते. अपघातग्रस्त वाहनांसाठीही याच कलमात सवलत आहे. निरीक्षणाची कायदेशीर कार्यवाही पूर्ण झाल्यानंतरच्या काळासाठीच त्यांना दंड लागू शकतो. पंचनामा व्हायचा असल्यामुळे रस्त्यावर थांबलेल्या मोटारीला त्या वेळेपुरता दंड लावता येत नाही.

दुरुस्ती कायद्यातील दंडाच्या तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून देशात अमलात आल्या. महाराष्ट्राने वाढीव दंडाची अंमलबजावणी त्या वेळी रोखून धरली आणि डिसेंबर २०२१ मध्ये नवे तडजोड शुल्क लागू केले. त्या वेळी वर्तमानपत्रांचे मथळे दंड किती वाढला यावरच खर्ची पडले. कलम २०१ मधील हे एक वाक्य मागे राहिले, ते राहिलेच.

सवलतीच्या दोन्ही अटी नीट वाचायला हव्यात. पहिली अट ‘अनपेक्षित’ या शब्दात आहे. चालत्या गाडीचा टायमिंग बेल्ट तुटणे, क्लच जळणे, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा अचानक बंद पडणे हे अनपेक्षित म्हणता येईल. काटा लाल रेषेखाली जाऊनही पेट्रोल न भरल्याने बंद पडलेल्या गाडीबद्दल तसे म्हणणे कठीण. आठवडाभर धक्का मारून चालू होणारी, बॅटरी उतरलेली गाडी लग्नाला घेऊन येणाऱ्यालाही ही सबब सहजासहजी पचणार नाही.

दुसरी अट अधिक अवघड आहे. वाहन ‘हलविण्याची प्रक्रिया सुरू’ असली पाहिजे. दुरुस्तीची प्रक्रिया असे कायदा म्हणत नाही. बॉनेट उघडून रस्त्यातच दोन तास खटपट करणे म्हणजे वाहन हलविणे नव्हे, असा अर्थ कोणी काढला, तर तो शब्दशः चुकीचा ठरणार नाही. क्रेन बोलावली आहे, मदतवाहन निघाले आहे, टोचन लावायला दुसरी गाडी येत आहे, यांपैकी काही तरी त्या वेळी सुरू असल्याचे दाखविता आले पाहिजे. ‘दुसऱ्या दिवशी बघू’ म्हणून गाडी तिथेच सोडून घरी गेलेल्याला या वाक्याचा उपयोग नाही.

चलानावरील कलम आधी पाहा

येथे एक कायदेशीर मेख आहे. ‘नो पार्किंग’चे चलान बहुधा कलम २०१ खाली नसते. त्यावर कलम १२२ आणि १७७ असे लिहिलेले असते. कलम १२२ नुसार कोणत्याही व्यक्तीने आपल्या ताब्यातील वाहन इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा स्थितीत सार्वजनिक जागी सोडता कामा नये किंवा उभे राहू देता कामा नये. शिक्षा कलम १७७ ची, म्हणजे पहिल्या वेळी पाचशे आणि त्यानंतर दीड हजार रुपयांपर्यंत. बिघाडाची सवलत कलम २०१ मध्ये आहे, कलम १२२ मध्ये ती शब्दांत नाही.

मग सवलत निरुपयोगी झाली काय? तसे म्हणता येत नाही. कलम १२२ मध्येही वाहनाला तशा स्थितीत ‘राहू देणे’ अपेक्षित आहे. चालकाच्या इच्छेविना गाडी थांबली आणि ती हटविण्यासाठी त्याने ताबडतोब धडपड केली, तर त्याने ती तशी राहू दिली असे कसे म्हणायचे, हा पहिला मुद्दा. दुसरा असा, की एकाच कृत्याला एका कलमात विधिमंडळाने स्पष्ट सूट दिली असताना तेच कृत्य दुसऱ्या कलमात घालून दंड करणे हे त्या सुटीच्या हेतूशी विसंगत आहे. हे युक्तिवाद आहेत, हुकमी पत्ते नव्हेत. वाहतूक शाखेतील अधिकारी किंवा न्यायालय ते मान्य करेलच याची हमी नाही. मात्र नुसत्या ‘गाडी बंद पडली होती साहेब’ या वाक्यापेक्षा त्यांचे वजन निश्चितच जास्त आहे.

परदेशांतही या प्रश्नाची उकल अशाच मार्गाने झालेली दिसते. जर्मनीत वाहनचालकाने स्वतःच्या इच्छेने थांबणे आणि वाहन निकामी होऊन अडकणे या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. निकामी वाहनासाठी तेथील वाहतूक नियमावलीत स्वतंत्र परिच्छेद असून तत्काळ धोक्याचे दिवे लावणे आणि त्रिकोण ठेवणे बंधनकारक आहे. गाडी लवकर हटविली नाही, तर मात्र तीही ‘पार्क केलेली’ ठरते. इंग्लंडमध्ये चालकाच्या नियंत्रणाबाहेरील कारणाने गाडी हलविता आली नाही, हे दंडाविरुद्ध मान्य होणारे कारण आहे. पण तेथेही काचेवर चिकटविलेल्या ‘गाडी नादुरुस्त’ या चिठ्ठीवर कोणी विसंबत नाही, गॅरेजचे बिल मागितले जाते.

छायाचित्रात दिसते ते आणि न दिसणारे

पूर्वी पावतीपुस्तक घेऊन उभ्या असलेल्या हवालदाराला उघडे बॉनेट दिसे, चालकाचे ग्रीसने माखलेले हात दिसत. दोन शब्द बोलता येत आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागत असे. (त्या दोन शब्दांना इतरही अर्थ असत, तो भाग वेगळा.) मुंबईत २०१६ मध्ये ई-चलान सुरू झाले आणि नंतर ते राज्यभर पसरले. आता पोलिसाच्या हातातील यंत्र किंवा चौकातील कॅमेरा एक छायाचित्र घेतो. क्रमांकाची पाटी, रस्ता, फलक, दिनांक आणि वेळ एवढे त्यात येते. गाडी उभी आहे हे छायाचित्र सांगते. ती का उभी आहे, हे सांगण्याची सोय त्यात नाही.

इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होणाऱ्या कारवाईसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ अ हा नियम घालण्यात आला. अनधिकृत जागी वाहन थांबविणे किंवा उभे करणे हा त्यात समाविष्ट असलेल्या गुन्ह्यांपैकी एक आहे. वाहन क्रमांक स्पष्ट दिसणारे छायाचित्र, ठिकाण, दिनांक, वेळ आणि कोणत्या तरतुदीचा भंग झाला याचा उल्लेख चलानासोबत असावा, असे हा नियम सांगतो. त्यामुळे चलान आले, की रकमेकडे पाहण्याआधी त्यातील छायाचित्र उघडून पाहावे. गाडीचे चारही इंडिकेटर चालू आहेत काय, बॉनेट उघडे आहे काय, मागे त्रिकोण दिसतो काय? कधी कधी बिघाडाचा सर्वांत चांगला पुरावा पोलिसांच्याच छायाचित्रात सापडतो.

पहिली पंधरा मिनिटे

गाडी आचके देऊ लागली, की पहिले काम ती मुख्य रस्त्यावरून बाजूला घेण्याचे. अंगच्या गतीत असतानाच डावीकडे काढावी, एकदा थांबली की सगळेच अवघड होते. जुनी गाडी न्यूट्रलला टाकून ढकलता येत असे. नव्या स्वयंचलित गिअरच्या आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकच्या मोटारींत बॅटरी गेली, की चाकेच जखडून बसतात. ती सोडविण्याची युक्ती प्रत्येक कंपनीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. ती पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या वेष्टनासह तशीच पडून राहते, हे वेगळे सांगायला नको. विजेवर चालणारी मोटार तर चाके जमिनीवर ठेवून ओढणे बहुतेक कंपन्या निषिद्ध मानतात. तिला सपाट पाठीचे मदतवाहनच लागते.

चारही इंडिकेटर लावावेत, गाडीसोबत मिळालेला परावर्तक त्रिकोण काही अंतर मागे ठेवावा. चाकण-तळेगाव आणि पुणे-नाशिक रस्त्यांवर बंद पडलेल्या ट्रकमागे दगड आणि झाडाच्या फांद्या रचण्याची जुनी पद्धत आहे. ट्रक निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. रात्री दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतणारी ही पद्धत बंद होणे गरजेचे आहे. दुचाकीच्या बाबतीत तर बिघाडाची सबब फारशी टिकणारी नाही, कारण ती ढकलून पार्किंगमध्ये नेता येते, असे पोलीस म्हणणार आणि ते खोटेही नाही.

गाडी सोडून जाण्याची वेळ आलीच, तर हँडब्रेक ओढणे ही केवळ खबरदारी नाही. चालक जागेवर नसताना यंत्र बंद आणि ब्रेक लावलेला असावा, हे कलम १२६ चे बंधन आहे. काचेवर ‘गाडी नादुरुस्त आहे’ असे ठळक अक्षरांत लिहून मोबाईल क्रमांक द्यावा. या चिठ्ठीने दंड माफ होत नाही. मात्र चलान करण्याआधी एखादा पोलीस फोन लावू शकतो. शक्य असेल, तर एका माणसाने गाडीपाशी थांबणे सर्वांत उत्तम.

घड्याळ सांगेल तोच पुरावा

बिघाड कधी झाला, चलान कधी झाले आणि गाडी कधी हलली, या तीन वेळांवर सगळे प्रकरण उभे राहते. चलानाची वेळ पोलीस देतात. उरलेल्या दोन वेळा चालकाला द्याव्या लागतात. त्या नंतर आठवणीने सांगून उपयोग नाही, कोणत्या तरी यंत्राने किंवा तिसऱ्या माणसाने नोंदविलेल्या असाव्यात.

सर्वांत सोपी नोंद मोबाईलची. गाडीच्या चारही बाजूंची छायाचित्रे, डॅशबोर्डवर पेटलेला धोक्याचा दिवा आणि चावी फिरवूनही इंजिन चालू होत नाही असे दाखविणारी अर्ध्या मिनिटाची चित्रफीत एवढे पुरेसे आहे. ठिकाण आणि वेळ छायाचित्रावरच छापणारी ॲप मोफत मिळतात. छायाचित्रे फक्त व्हॉट्सॲपवर पाठवून मूळ प्रती पुसून टाकू नयेत, कारण पाठविलेल्या प्रतीत ठिकाण आणि वेळेची मूळ माहिती राहत नाही.

दुसरी नोंद मदत मागितल्याची. कंपनीच्या किंवा विमा कंपनीच्या ‘रोडसाइड असिस्टन्स’ क्रमांकावर फोन केला, की तक्रार क्रमांकाचा संदेश येतो. त्या संदेशावरील वेळ हीच वाहन हलविण्याची प्रक्रिया सुरू झाल्याची वेळ. गाडी धोकादायक जागी अडकली असेल, तर ११२ वर कळवावे, तीही नोंद राहते. पुणे-नाशिक महामार्ग किंवा अन्य राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक आहे. मोटार विम्याच्या मूळ पॉलिसीतून यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. त्यामुळे रस्त्यावरील मदतीचे वेगळे कलम पॉलिसीत घेतले आहे काय, हे गाडी बंद पडण्याआधी पाहून ठेवलेले बरे. दंडाची भरपाई कोणताच विमा देत नाही.

तिसरी नोंद दुरुस्तीची. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर वाहन क्रमांक, दिनांक, वेळ, किलोमीटरचा आकडा आणि बिघाडाचे स्वरूप असते. मरकळ रस्त्यावरच्या किंवा चाकणच्या एखाद्या टपरीवजा गॅरेजात बिल मिळणे दुरापास्त. अशा वेळी मिस्त्रीकडून कोऱ्या कागदावर दोन ओळी आणि शिक्का घ्यावा. आणखी एक सोपा उपाय म्हणजे पैसे रोख न देता यूपीआयने द्यावेत. फिटरला दिलेल्या तीनशे रुपयांची नोंद मिनिटासह बँकेच्या दप्तरी राहते. क्रेनवाल्यालाही तसेच. टोचन करून न्यायचे असेल, तर दोन वाहनांत पाच मीटरपेक्षा अधिक अंतर नको आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक चालक बसलेला हवा. नाही तर एका चलानातून सुटण्यासाठी निघालेला माणूस दुसऱ्या चलानात अडकायचा.

गाडी उचलून नेली तर

मेकॅनिक घेऊन आल्यावर गाडीच जागेवर नसेल, तर प्रश्न दुहेरी होतो. कलम १२७ नुसार दहा तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस सोडलेले अथवा मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन हटविण्याचा किंवा त्याला जॅमर लावण्याचा आदेश त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकारी देऊ शकतो. वाहनामुळे वाहतुकीला धोका निर्माण होत असेल, तर दहा तासांची वाट पाहावी लागत नाही. हटविण्याचा खर्च मालकाकडून वसूल होतो आणि तो दंडाव्यतिरिक्त असतो. म्हणजेच अनपेक्षित बिघाडाची सवलत मान्य झाली, तरी टोइंगचे पैसे परत मिळतीलच असे नाही.

मात्र आदेश पोलिसाचाच हवा. टोइंग वाहनावरच्या ठेकेदाराच्या पोरांनी परस्पर गाडी उचलणे कायद्यात बसत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाड येथे तान्ह्या बाळासह महिला आत बसलेली असताना मोटार ओढून नेण्यात आली आणि त्या प्रकरणी वाहतूक पोलिसावर निलंबनाची कारवाई झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्याच्या नाना पेठेत दुचाकी चालकासकट उचलली गेली. दोन्ही वेळा चित्रफिती राज्यभर फिरल्या. बंद गाडीत चालक बसून असेल, तर त्याने वाद न घालता बिघाड दाखवावा, मदतवाहनाचा संदेश दाखवावा आणि तरीही गाडी नेली, तर दंडाची व टोइंगची वेगवेगळी पावती मागावी. गाडी सोडविताना ओरखडे, बंपर, सस्पेन्शन तपासून तेथेच छायाचित्रे घ्यावीत. बिघाड आधीचा होता की ओढताना झाला, हा वाद नंतर मिटत नाही.

आळंदीतील वेगळी गुंतागुंत

आळंदी नगरपरिषद खेड तालुक्यात येते. तिला लागूनच असलेले चऱ्होली, दिघी आणि मोशी हे भाग पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहेत. रस्ता कोणाचा हे दर दोन किलोमीटरला बदलते. पोलीस मात्र एकच. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय अस्तित्वात आले, तेव्हा तोवर पुणे ग्रामीण पोलिसांकडे असलेली आळंदी आणि चाकणही त्यात आली. त्यामुळे येथील चलानाबाबत अर्ज करायचा तो आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेकडे, नगरपरिषदेकडे किंवा आरटीओकडे नव्हे. अनेकांची पहिली फेरी येथेच फुकट जाते.

दुसरी अडचण यात्रेची. कार्तिक वद्य एकादशी व त्यानंतरचा संजीवन समाधी सोहळा आणि ज्येष्ठातील पालखी प्रस्थान या काळात पोलीस उपायुक्त तात्पुरत्या अधिसूचना काढून आळंदीत येणारे रस्ते बंद करतात, वाहतूक पर्यायी मार्गांनी वळवितात. एरवी जेथे गाडी लावता येते, तेथेही त्या दिवसांत मनाई असू शकते. पायी चालणाऱ्या लाखो वारकऱ्यांच्या मध्ये बंद पडलेली मोटार ही गैरसोय नसून धोका असतो. तेव्हा ती तत्काळ उचलली गेली, तर तक्रारीला जागा फार थोडी उरते. दुसऱ्या बाजूला तात्पुरत्या मनाईचा फलकच नव्हता, असे प्रसंगही घडू शकतात. त्या ठिकाणच्या अधिसूचनेची प्रत माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून मागता येते. मनाईचा लेखी आदेशच सापडला नाही, तर बिघाड सिद्ध करण्याची गरजही उरत नाही.

शहरात आणखी एक गंमत आहे. पिंपरी-चिंचवडच्या अनेक रस्त्यांवर ‘पी-१, पी-२’ म्हणजे सम-विषम तारखांचे पार्किंग असते. सायंकाळी योग्य बाजूला बंद पडलेली गाडी मध्यरात्री तारीख बदलताच जागच्या जागी गुन्हेगार ठरते. रात्री गॅरेज मिळत नाही हे खरे. परंतु मदतवाहन रात्रीच बोलावले होते आणि ते सकाळी आले, एवढे तरी दाखविता यायला हवे.

दंड भरण्याआधी तक्रार

चलान मान्य नसेल, तर पहिला नियम असा, की आधी पैसे भरू नयेत. कलम २०० खाली तडजोड शुल्क भरले, की त्या गुन्ह्याबाबतची कार्यवाही संपते. पैसे भरून मग दाद मागणे म्हणजे गुन्हा कबूल करून निकालाविरुद्ध ओरड करण्यासारखे आहे. मात्र गप्प बसणे हाही मार्ग नव्हे. चलानावर किंवा नोटिशीवर दिलेल्या मुदतीतच हरकत घ्यावी.

राज्य वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर आणि महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदविण्याची सोय आहे. तेथे चलान क्रमांक देऊन कारण लिहायचे आणि छायाचित्रे जोडायची. लेखी अर्ज वाहतूक शाखेच्या कार्यालयात देऊन पोहोच घेतली, तर अधिक चांगले. कारण लिहिताना पोलिसांवर राग काढण्याचा मोह टाळावा. चार ओळींचा मजकूर पुरतो :

‘दिनांक … रोजी … वाजता … या ठिकाणी वाहन क्रमांक … अनपेक्षित यांत्रिक बिघाडामुळे बंद पडले. … वाजता मदतवाहन बोलाविण्यात आले (तक्रार क्रमांक …) व … वाजता वाहन तेथून हलविण्यात आले. वाहन हलविण्याची प्रक्रिया सुरू असताना … वाजता उपरोक्त चलान झाले आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०१(३) मधील तरतूद आणि सोबतचे पुरावे विचारात घेऊन चलान रद्द करावे, ही विनंती.’

सोबत छायाचित्रे, मदतवाहनाचा संदेश, दुरुस्तीचे बिल आणि पैसे दिल्याची नोंद जोडावी. बिलावरची तारीख आणि चलानाची तारीख जुळते आहे ना, हे दोनदा पाहावे. आठवड्यानंतरचे बिल जोडणाऱ्याला मधले दिवस गाडी कोठे होती, हा प्रश्न विचारला जाणारच.

बऱ्याच जणांना चलान झाल्याचा पत्ताच लागत नाही, तो वेगळ्या कारणाने. संदेश वाहन नोंदणीत असलेल्या मोबाईल क्रमांकावर जातो. जुनी गाडी घेतली आणि क्रमांक बदलला नाही, तर तो आधीच्या मालकाला मिळतो. मग गाडी विकायला काढली, की थकलेली सगळी चलाने एकदम पुढे येतात. तोवर बिघाडाची छायाचित्रे कोणाच्या मोबाईलमध्ये असणार? याच्या उलट, न झालेल्या चलानाचेही संदेश येतात. व्हॉट्सॲपवर चलानाच्या नावाने आलेली फाईल उघडू नये. मोबाईलमध्ये शिरकाव करून बँक खाते रिकामे करण्याचा तो सापळा असतो. खरे चलान अधिकृत संकेतस्थळावर वाहन क्रमांक टाकून स्वतः तपासता येते.

तक्रार फेटाळली गेली, तर न्यायालयात म्हणणे मांडण्याचा मार्ग मोकळा राहतो. तेथे दिवस मोडतो आणि तारखा पडू शकतात. पाचशे रुपयांसाठी एका दिवसाचा रोजगार बुडवायचा की नाही, याचा हिशेब ज्याचा त्याने करायचा. ज्याच्याकडे तिन्ही वेळांचे पुरावे आहेत आणि ज्याच्या गाडीवर पुढचे चलान दीड हजारांचे होणार आहे, त्याला तो हिशेब फायद्याचा ठरू शकतो. हातात काहीच नसलेल्याने मात्र तेथवर जाऊ नये, हेच व्यवहाराचे.

थकीत चलानांसाठी राष्ट्रीय लोकअदालतीच्या नोटिसाही मोबाईलवर येतात. तेथे प्रकरण लवकर मिटते, काही वेळा रक्कम कमी होते, म्हणून अनेकांना तो मार्ग सोयीचा वाटतो. परंतु लोकअदालत तडजोड घडवून आणते. गाडी खरोखर बंद पडली होती की नाही, याचा निवाडा ती करीत नाही आणि तेथे झालेल्या तडजोडीविरुद्ध पुढे अपीलही करता येत नाही.